कठडा दुसऱ्या बाजूलाही

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी मेळाव्यात एका ज्येष्ठ सभासदाने केलेले भाषण)



२५ वर्षांपूर्वी सोडतीत तिसरा मजला निघावा म्हणून मी देव पाण्यात ठेवले होते. वर समुद्राचा वारा येतो ना! बोईसरला एमआयडीसीत पहिल्या पाळीला निघालो की दोन-दोन पायऱ्या टाकत खाली. लिफ्ट नाही याची तेव्हा कुणाला खंत नव्हती. आता मी त्या पायऱ्या मोजतो. ५२ आहेत.

गेल्या पावसाळ्यात आमची सौ. बाथरूममध्ये घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, वॉकरही आला. घरी आणलं तेव्हा कळलं, बाथरूमचा दरवाजा दोन फुटांचा, वॉकर त्यापेक्षा रुंद. तेव्हापासून ती खाली उतरलेली नाही. आजचा कार्यक्रमही वरच्या गॅलरीतूनच बघतेय.

घरात सोयी करायला पैशाची मदत कुठे मिळते, याची मी बरीच चौकशी केली. जे कळलं ते सांगतो. सत्तरी ओलांडलेल्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. म्हणजे पडल्यावरची सोय आहे. पडू नये म्हणून भिंतीला दांडा लावायचा, तर त्यातून काही मिळत नाही.

मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ पासून आहे. वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर एकदाच ३,००० रुपये आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. त्यातून वॉकर, कमोड खुर्ची, काठी, व्हीलचेअर असं घ्यायचं. बिल टाकून देऊ नका, नंतर दाखवावं लागतं. चौकशी पालघरला समाजकल्याणच्या सहाय्यक आयुक्त कार्यालयात. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना वेगळी. ती साठीच्या पुढच्यांना, महिना उत्पन्न १५,००० पर्यंत असेल तर, शिबिरातून साधनं फुकट देते. कंपनीच्या तुटपुंज्या पेन्शनवरचे आपल्यातले कितीतरी जण त्यात बसतील. लाजू नका.

पण हे सगळं वस्तूंसाठी. भिंत, दरवाजा, जिना यांच्यासाठी मला योजना सापडली नाही. रिव्हर्स मॉर्गेज आहे: साठीच्या पुढच्या मालकाने राहतं घर बँकेकडे तारण ठेवायचं, हयातीत हप्ता नाही, पैसे घराच्या दुरुस्तीलाही वापरता येतात. पश्चात मुलांनी कर्ज फेडलं तर घर त्यांचं. नाहीतर बँक विकते आणि उरलेली रक्कम वारसांना देते. दरमहाच्या खर्चाचीच ओढाताण असेल तर मुलांशी बोलून जरूर विचार करा. एका दरवाज्यासाठी मला तो व्यवहार मोठा वाटला. मी एक मुदत ठेव मोडली, उरलेले मुलाने दिले. चौकट रुंद केली. (भिंतीला हात लावण्याआधी सोसायटीची लेखी परवानगी घेतली, सेक्रेटरी साक्षीला आहेत!) दांडा मात्र पक्क्या भिंतीत ठोकून घ्या, टॉवेलची दांडी माणसाचं वजन पेलत नाही. आणि आपल्या खाऱ्या हवेत साधं लोखंड किती टिकतं ते गॅलरीच्या ग्रिलांना विचारा. ३१६ ग्रेडचं स्टील महाग पडतं, तरी तेच घ्या.

घरातलं झालं. जिन्याचं काय? जिना माझ्या एकट्याचा नाही, आणि तिथे माझी मुदत ठेव पुरणारही नाही. दर महिन्याला आपण दुरुस्ती निधी भरतो. सर्वसाधारण सभेने ठराव केला तर त्यातून जिन्याच्या भिंतीकडच्या बाजूलाही कठडा बसवता येईल. चढताना एका हाताला आधार आहे, उतरताना तो हात बदलतो, आणि सौ.चा एकच हात भक्कम आहे. दुसरी गोष्ट दारातल्या तीन पायऱ्यांची. उंची दीड फूट. फुटाला बारा फूट या हिशोबाने उतार १८ फुटांचा होईल. मी टेप लावून बघितलं, जागा बसते. दोन स्कूटर तेवढ्या हलवाव्या लागतील, त्यातली एक माझीच आहे.

लिफ्टचा विषय आज काढत नाही. त्याला पैसा आणि भांडणं दोन्ही जास्त लागतील.

येत्या सभेसाठी अर्ज लिहून आणलाय, त्या टेबलावर आहे. सह्या जेवणाआधी करा, नंतर कागदाला श्रीखंड लागतं.