अल्बममध्ये न आलेली माणसं

श्रोतेहो, पुणे-लोणावळा लोकल तुमच्या रोजच्या पायाखालची. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी करत ती लोणावळ्याच्या अलीकडे मळवलीला थांबते. तिथे उतरणारा कार्ल्याला नाहीतर भाज्याला जातो. पण राजा रविवर्म्यांचा छापखाना याच मळवलीला होता, हे किती जणांना ठाऊक आहे? 1894 साली मुंबईत सुरू झाला, पुढे इकडे आला. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, हाताशी जर्मन तंत्रज्ञ. त्यातून निघालेली कमळावरची लक्ष्मी साध्यासुध्या घरांच्या भिंतींवर गेली. बायकांनी तिच्या पदराला जर लावली, टिकल्या चिकटवल्या.

माझी तक्रार एकच आहे. लक्ष्मी गरिबाच्या खोलीत आली, पण ती खोली काही चित्रात आली नाही.

लग्नाचा अल्बम काढून बघा. विहीणबाई आहेत, मामा आहेत, रुसलेला जावईसुद्धा आहे. पहाटेपासून चुलाणापुढे बसलेला आचारी कुठे आहे? कढया घासणारी बाई? फार तर पंगतीच्या फोटोत कोपऱ्यात तिचं कोपर दिसतं. चित्रांतलं आपलं एकोणिसावं शतक म्हणजे असा अल्बम आहे.

मुंबईत ताडदेवला पहिली कापडगिरणी 1856 मध्ये सुरू झाली. पुढे ‘दीनबंधू’ या पत्रातून कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांची दैना मांडली, 1890 साली रविवारची सुट्टी मिळवली. म्हणजे शब्द पोचले होते. कुंचला मागे राहिला. तिकडे लंडनमध्ये 1869 साली ‘ग्राफिक’ साप्ताहिकाच्या पहिल्याच अंकात ल्यूक फिल्ड्सनं रात्रीच्या निवाऱ्यासाठी थंडीत रांगेत उभे असलेले बेघर काढले. 1872 मध्ये गुस्ताव्ह दोरेचं लंडनवरचं पुस्तक आलं, त्यातही दाटीवाटीच्या गरीब वस्त्या आहेत.

आपल्याकडे काहीच नव्हतं असं नाही हं. रविवर्म्यांनी भटकं कुटुंब रंगवलं, 1893 मध्ये ते चित्र शिकागोच्या प्रदर्शनातही गेलं. चित्रकार धुरंधरांच्या रेषेत मुंबईचा रस्ता आला, बाजार आला. पण चाळीतली ती एक खोली, पाळीवरून येऊन आडवा झालेला माणूस, चुलीचा धूर? पुन्हा सांगते, रस्ता आला, खोली नाही आली. कारणं आहेत. चित्राचे पैसे संस्थानिक देत, साहेब देत, आणि जे. जे. स्कूलमधलं चित्रकलेचं शिक्षण... तो विषय मोठा आहे, आणि स्टुडिओच्या काचेपलीकडून मला दोन बोटं दाखवताहेत. दोनच मिनिटं उरली.

तर आजचं बोलते. चाकणला, नाणेकरवाडीत, महाळुंग्यात पत्र्याच्या खोल्यांत कंत्राटी पोरं राहतात. एक पाळीवरून येतो तेव्हा दुसरा निघतो, अंथरूण तेच. मोबाइलमध्ये त्यांचे फोटो आहेत, पण ते गावी पाठवायचे, कंपनीच्या गेटसमोर नवा शर्ट घालून काढलेले. म्हणजे पुन्हा अल्बमच!

चित्रकलेच्या मुलामुलींनो, सह्याद्रीचे सूर्यास्त पुष्कळ झाले. येत्या रविवारी स्केचबुक घेऊन चाकणला जा. आधी दारात उभं राहून विचारा, ‘हो’ म्हणाले तर आत बसून काढा. आणि खाली तारीख, गावाचं नाव लिहायला विसरू नका.