बाटलीला बाटली लागू नये

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कवीनं बोलायचं तर चंद्रताऱ्यांवर बोलावं, अशी आपल्याकडे रीत आहे. मी मात्र आज सायकलवरून सोड्याच्या बाटल्या न फोडता कशा न्याव्यात, यावर बोलणार आहे. हसू नका. ज्याचं घर त्या बाटल्यांवर चालत होतं, त्याला हा विषय चंद्राहून जवळचा होता.

माझं लहानपण सोलापुरात गेलं. आमच्या पेठेत गोटी सोड्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन खोल्या, गॅसची टाकी आणि हातानं फिरवायचं यंत्र. गोटीची बाटली तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. हायरम कॉड नावाच्या इंग्रज माणसानं १८७२ साली तिचं पेटंट घेतलं. मानेत रबराची कडी, आत काचेची गोटी. बाटली उलटी धरून भरायची. गॅसच्या दाबानं गोटी रबरावर जाऊन घट्ट बसते. बाहेरून झाकण नाहीच. आतला दाब हेच झाकण. ज्याचं भय, तोच राखणदार!

हे भय खोटं नव्हतं. सोडा म्हणजे पाण्यात दाबून विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड. दाब वाढवला की वायू जास्त विरघळतो, हा नियम विल्यम हेन्री यांनी १८०३ साली मांडला. पण पाणी तापलं की तोच वायू बाहेर पडू पाहतो. बर्फातल्या बाटलीत जेवढा दाब असतो, तो मे महिन्याच्या उन्हात दुपटीच्याही वर जातो. आपण सायकलच्या ट्यूबमध्ये जशी टणक हवा भरतो, तसाच दाब काचेच्या आत कोंडलेला. जाड, निकोप काच तो सहज सोसते. ओरखडा पडलेली काच सोसेलच असं नाही. बाटली फुटली तर तुकडे उडतात आणि ते डोळ्याची वाट चुकत नाहीत.

बाटल्या पोचवण्याचं काम एक चाचा करायचे. शाळा फारशी शिकलेले नव्हते, पण काच त्यांना कळत होती. मी मागे लागलो की ते जुनी बाटली उचलून दाखवायचे. तिच्या पोटावर पांढुरकं, खरखरीत वलय असायचं. शेजारच्या बाटलीशी वर्षानुवर्षं घासून पडलेलं. ‘बाटली को बाटली लगने नक्को दे,’ ते म्हणायचे. सगळी विद्या या एका वाक्यात होती. बाटली रस्त्यावर आपटून फुटण्याचे प्रसंग कमी. ती झिजते, कमकुवत होते ती शेजारणीच्या धक्क्यांनी, आणि मग एखाद्या दिवशी साध्या हिसक्यानंही जाते.

म्हणून त्यांच्या खोक्याला प्रत्येक बाटलीसाठी वेगळा कप्पा होता. तळाशी गोणपाटाची घडी आणि वरून ओलं पोतं. ओल्या पोत्याचं काम दुहेरी. पाणी उडून जाताना गारवा राहतो, आणि बाटली फुटलीच तर तुकडे आतच अडकतात. पोत्याची टोकं दुमडून शिवलेली, चाकाच्या आऱ्यांत जाऊ नयेत म्हणून. बांधायला सुतळी नाही, तर जुन्या ट्यूबचा पट्टा. सुतळी धक्क्यागणिक सैल होते. रबर ताणलेलंच राहतं.

चोवीस बाटल्यांचं खोकं म्हणजे काच, पाणी, लाकूड मिळून पंधरा-वीस किलो. ते उंच कॅरियरवर मागे लादलं, तर पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल ऐकत नाही. चाचांनी वेल्डरकडून मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना चौकटी बसवून घेतल्या होत्या. बारा इकडे, बारा तिकडे, आणि वजन होईल तेवढं खाली. दुकानात माल उतरवतानाही एक बाटली डावीकडची, एक उजवीकडची. सगळ्या एकाच बाजूच्या काढल्या, तर स्टँडवरची सायकल दुसऱ्या अंगावर कोसळणारच.

रस्त्यावर त्यांची घाई कधी दिसली नाही. खड्डा आला की उतरून सायकल हातानं ढकलायची. उतारावर आधीपासूनच ब्रेक हलके दाबत राहायचं, कारण मागचं वजन ढकलतं आणि एकदम ब्रेक लावला की सगळा भार पुढे येतो. पावसात रिम ओली झाली की ब्रेक उशिरा धरतात; तेव्हा चाल निम्मी. दुकानदाराला सांगायचे, ‘थोडा वेळ सावलीत उभ्या राहू द्या.’ हलवल्यानं बंद बाटलीतला दाब फारसा वाढत नाही, पण पाण्यात बारीक बुडबुडे तरंगत राहतात. लगेच गोटी दाबली की त्यांच्यामुळे सोडा फसफसून अंगावर येतो. ते वर जायला थोडी उसंत द्यावी लागते.

१९८६ सालचा रमजान मे महिन्यात आला. ऐन उन्हाळा, आणि मागणी सगळी संध्याकाळची. इफ्तारच्या आत माल पोचला पाहिजे. चाचा स्वतः रोजेदार. दुपारभर गार पाण्याच्या बाटल्या वाहायच्या आणि त्यातला थेंबही आपला नाही. त्या दिवसांतही ते खड्ड्यापाशी उतरायचे. एका दुकानदारानं उशिराबद्दल आवाज चढवला, तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘फुटली तर पैसे माझे जातात आणि डोळा कुणाचाही.’

पैसे खरोखरच त्यांचे जायचे. फुटलेली बाटली त्यांच्या पगारातून कापली जाई. माल मालकाचा, नफा मालकाचा, घाई दुकानदाराची आणि काच मात्र वाहणाऱ्याची! बाटली जपण्याचा उपाय गोणपाट आणि रबर एवढा स्वस्त होता. महाग होता तो वेळ. तो त्यांना कुणी देत नव्हतं. ते स्वतःच्या कमाईतून काढत होते.

आता प्लास्टिकच्या बाटल्या आल्या. त्या हलक्या आहेत, फुटून डोळ्यात जात नाहीत. त्यांच्या कचऱ्याची गोष्ट निराळी. पण काचेच्या बाटल्या संपलेल्या नाहीत, आणि पाठीवर पिशवी घेऊन सायकल मारणारी मुलंही आहेत. त्यांच्या हातात आता मिनिटं मोजणारा फोन असतो.

तुम्हाला स्वतःला सायकलवरून दोन बाटल्या आणायच्या असतील, तर हँडलला पिशवी लटकवू नका; ती झुलते आणि चाकात जाते. प्रत्येक बाटलीला जुन्या टॉवेलात वेगळी गुंडाळा, उभी ठेवा, मागे घट्ट बांधा, उन्हात थांबू नका. आणि दुसऱ्या कुणी आणून दिल्या, तर घड्याळाकडे बघण्याआधी बाहेरच्या रस्त्याकडे एकदा बघा. तो मुलगा खड्ड्यापाशी उतरला असेल, म्हणून पाच मिनिटं उशीर झाला असेल. ती पाच मिनिटं त्याला आपण देऊ शकतो.