गुण कोणत्या नियमाने मोजावे?

निवृत्त शिक्षकाने खेळावर बोलावे याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु ज्याचा जन्म गुण देण्यात गेला, त्याला गुणांवरून पडलेला तंटा परका नसतो.

दिवाळीच्या सुटीत रोह्याची नात पेणला आमच्याकडे आली, ती ‘कारकासोन’ हा खेळ घेऊन. क्लाउस-युर्गेन व्रेडे यांचा हा जर्मन खेळ २००० साली निघाला. बहात्तर चौकोनी तुकडे जुळवीत नगरे, रस्ते व शेते रचावयाची आणि त्यांवर आपली माणसे ठेवून गुण मिळवावयाचे, एवढेच त्याचे स्वरूप.

शेवटी शेतांची मोजणी राहिली, तेव्हा नात दोन गुणांनी पुढे होती. एका पूर्ण नगरास दोन शेते लागून होती. एकात माझे दोन शेतकरी, दुसऱ्यात तिचा एक. मी थोरल्या नातवाच्या जुन्या संचावर शिकलेलो. त्या नियमाने ज्याचे शेतकरी अधिक, त्यालाच नगराचे चार गुण. म्हणजे विजय माझा. नात म्हणाली, “आजोबा, प्रत्येक शेताला तीन!” म्हणजे विजय तिचा. तिच्या पेटीतील पुस्तिकेत तसेच छापले होते.

मी वडीलकीच्या जोरावर वाद जिंकलाही असता. पण एक जुनी गोष्ट आठवली. एकदा उत्तरपत्रिका हाती आल्यावर मी गुणदानाची पद्धत बदलली होती, आणि एक मुलगा दोन गुणांनी नापास झाला. त्याचा चेहरा मी अद्याप विसरलो नाही. मी हार मान्य केली.

त्या रात्री आम्ही तीन गोष्टी ठरविल्या. जी पेटी उघडली, तिचीच पुस्तिका प्रमाण. पुरवणी जेवढे सांगते, तेवढेच बदलावयाचे: २००२ च्या पुरवणीतील देवालय नगरात आले, तर पूर्ण नगराच्या प्रत्येक तुकड्यास दोनाऐवजी तीन गुण, आणि अपुरे राहिल्यास एकाऐवजी शून्य, शेतांचा हिशेब मात्र पूर्वीचाच. आणि पुस्तिका जेथे मौन धरते, तेथील निर्णय पहिला तुकडा उचलण्यापूर्वी व्हावा. सोंगट्यांचे नियमही घरोघरी निराळे असतात. म्हणून शहाणी माणसे फासे टाकण्याआधीच विचारून घेतात.

कोणाचा लाभ कशात आहे हे दिसू लागल्यावर लावलेला अर्थ क्वचितच निःपक्षपाती असतो. खेळात त्याने एक डाव जातो. वर्गात एखाद्या मुलाचे वर्ष जाते.