सोबतच्या बाटलीचा हिशेब



शेतकरी, कृषिपदवीधर आणि कृषिसेवा केंद्रांच्या चालकांच्या या संमेलनाचं अध्यक्षपद मला जोयडा तालुक्यात, सुप्याच्या भूमीत मिळालं. जुनं सुपा गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. काळी नदी याच तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते. इथल्या शेतातून वाहिलेलं पाणी पुढे कारवारपर्यंत जातं. म्हणूनच तणनाशकावर बोलायला याहून योग्य जागा नाही.

तणनाशकावर आपण पुष्कळ बोलतो. त्याच्यासोबत विकल्या जाणाऱ्या लहान बाटलीवर मात्र कुणी बोलत नाही. शेतकरी तिला 'स्टिकर' म्हणतो, रसायनशास्त्र 'सरफॅक्टंट' म्हणतं. तिचं काम पाहायचं तर इथल्या कुणबी बांधवांनी जपलेल्या अळवाच्या पानावर साध्या पाण्याचा थेंब टाका. मोत्यासारखा गोल होऊन तो घरंगळतो. त्याच पाण्यात किंचित स्टिकर मिसळा. थेंब बसतो, पसरतो, पान ओलं होतं. सरफॅक्टंटच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं पानावरच्या मेणाकडे. पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास असतो. साध्या नॉन-आयनिक, म्हणजे विद्युतभार नसलेल्या, स्टिकरने तो ३० च्या घरात येतो, सिलिकॉनयुक्त स्टिकरने २० च्या जवळ. गुळगुळीत पानांच्या तणावर औषध लागू पडतं ते या मदतीमुळेच.

पण मदतीलाही माप असतं. ठरावीक प्रमाणानंतर पृष्ठताण आणखी उतरत नाही. त्यापुढे ओतलेला स्टिकर वाया जातो, औषध पानावरून ओघळून जमिनीवर पडतं. शिवाय भाताच्या पानावरचं मेण हे भाताचंही कवच आहे. ते भेदलं की तणाबरोबर पीकही करपतं. स्टिकर महाग पडतो म्हणून पंपात शाम्पूची पुडी किंवा कपड्यांची पावडर टाकणारे शेतकरी मी पाहिले आहेत. त्याने फेस भरपूर होतो, औषध मात्र सारखं मिसळत नाही. बोअरच्या जड पाण्यात तर वेगळीच अडचण: त्यातलं कॅल्शियम ग्लायफोसेट या तणनाशकाला धरून ठेवतं. तिथे उपाय अमोनियम सल्फेटचा. स्टिकर वाढवून काही साधत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. स्टिकर निरुपद्रवी असतो, हा समज सोडून द्या. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या रिक रेलिया यांनी २००५ साली दाखवलं, की ग्लायफोसेटचं बाजारातलं तयार मिश्रण बेडकांच्या पिलांना मारक ठरतं. या मारकतेत मोठा वाटा मानला जातो तो त्यातल्या पॉलिऑक्सिइथिलीन टॅलो अमाइनचा, म्हणजे सरफॅक्टंटचा. युरोपीय संघाने २०१६ मध्ये ग्लायफोसेटच्या उत्पादनांतून तो हद्दपार केला. आणि आपल्याकडे भातात तणनाशक मारायचे दिवस कोणते? पावसाळ्याचे, खाचरात बेडूकमासे वळवळत असतात तेच. एका बाजूला व्याघ्रप्रकल्पाचं रान, दुसऱ्या बाजूला धरण. पंप बांधावर धुतला तर धुवण कुठे जाणार, हे इथे कुणी सांगायला नको.

१९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली तणनाशकाची नोंदणी होते. स्वतंत्र विकल्या जाणाऱ्या स्टिकरला तशी नोंदणी लागत नाही. बऱ्याच बाटल्यांवर 'नॉन-आयनिक' एवढ्यावरच भागतं. जे पानात औषध शिरवतं, ते औषधाचाच भाग आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याची नोंदणी व्हावी, घटक आणि प्रमाण बाटलीवर मराठी-कन्नडमध्ये छापलं जावं, असा ठराव या संमेलनाने करावा.

विक्रेत्यांना एकच विनंती: कोणत्या औषधाला किती स्टिकर, हे बिलावर लिहून द्या, आणि ज्या औषधाच्या मिश्रणात तो आधीच आहे, त्यावर दुसरी बाटली खपवू नका. शेतकरी बंधूंनो, लेबल वाचा, मोजून घाला, आणि ओढ्यात पंप धुऊ नका.