ढिगाऱ्याचा हिशेब



जून २०१३ मध्ये अलकनंदेच्या पुराने गढवालमधील श्रीनगरच्या सखल वस्त्यांतील घरे गाळाने भरून टाकली. ३३० मेगावॅट जलविद्युत प्रकल्पाच्या खोदकामाची माती कंपनीने नदीकाठीच रचली होती. पुराने तीही वाहून आणली. ही ‘दैवी आपत्ती’ आहे, असा बचाव कंपनीने केला. रहिवाशांनी संघर्ष समिती उभारून दाद मागितली. ऑगस्ट २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तो बचाव फेटाळला व ९ कोटी २६ लाख रुपये भरपाईचा आदेश दिला.

पूररेषेबाहेरची जागा, पायथ्याशी भक्कम भिंत, पाण्याच्या निचऱ्यासाठी चर, उतारावर लागवड : हे उपाय अवघड नाहीत, खर्चाचे आहेत. मालकाने वाचवलेला खर्च जनतेच्या माथी येतो. म्हणून हिशेब पुरानंतर नव्हे, पहिला ढीग पडतानाच मागितला पाहिजे.