पुरुषाची एक न बोललेली तक्रार



आजचा विषय भरसभेत बोलण्याचा नव्हे, असे काहींस वाटेल. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढले व वाचकांच्या अशाच प्रश्नांना उघड उत्तरे दिली, म्हणून त्यांच्यावर खटला झाला. १९३४ साली त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले. खटला हरला, प्रश्न मात्र राहिलेच.

समागमाच्या वेळी इंद्रियाला पुरेशी ताठरता न येणे किंवा ती न टिकणे, ही ती तक्रार. थकव्याने एखादे दिवशी असे झाले तर तो रोग नव्हे. महिनोन्‌महिने होत राहिले, तर कारण शोधलेच पाहिजे. 'तरुणपणीच्या हस्तदोषाने नस ढिली पडली' असे आपल्याकडे ठरवून टाकतात. ते खोटे आहे, हे आम्ही स्पष्टच सांगतो.

ताठरता हा रक्ताचा खेळ आहे. इच्छा उठली की मज्जातंतू निरोप देतात, रक्तवाहिन्या सैल होतात आणि रक्त आत भरून कोंडले जाते. शहापूरकरांना हे समजावणे सोपे. तानसा-भातसाचे पाणी मुंबईला जाते; दाब उतरला तर ते आधी कळते शेवटच्या बारीक तोटीला. (धरणांच्या याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो, तो विषय निराळा.) इंद्रियाच्या रक्तवाहिन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार. आत चरबीचा थर धरू लागला, की आधी बारीक वाहिनी कुचंबते. म्हणून छातीत कळ येण्याच्या दोन-तीन वर्षे आधी ही तक्रार सुरू झालेली पुष्कळदा आढळते. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, दारू ही नेहमीची कारणे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही असे होते. ती गोळी मनाने सोडू नये, डॉक्टरांकडून बदलून घ्यावी. पहाटे ताठरता येते पण पत्नीजवळ येत नाही, असे असेल तर कारण बहुधा मनात असते: कर्ज, कुरबूर, एकदा फसल्याची धास्ती. तेथे समुपदेशनाचा गुण येतो.

१९९८ साली अमेरिकेत सिल्डेनाफिल ही गोळी मान्य झाली. ती इच्छा उत्पन्न करीत नाही. रक्ताची वाट मोकळी करते. छातीच्या दुखण्यावर नायट्रेटची गोळी जिभेखाली ठेवणाऱ्याने मात्र तिला शिवू नये. दोन्ही मिळून रक्तदाब इतका घसरतो, की प्राणावर बेतते. आणि जत्रेतल्या किंवा हमरस्त्याकडेच्या तंबूतल्या 'जडीबुटी'चे काय? असल्या पुड्यांत हेच औषध कुटून घातलेले अनेक देशांत तपासणीत सापडले आहे. १९५४ च्या कायद्याने अशा औषधांची जाहिरात हा गुन्हा आहे, तरी भिंती रंगतातच. गोळीने भागले नाही तर निर्वात पंप, इंजेक्शन, शेवटी शस्त्रक्रिया, हे उपाय आहेत.

शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय काय किंवा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय काय, केसपेपरच्या खिडकीवर हा शब्द उच्चारावा लागत नाही. 'साखर आणि रक्तदाब तपासायचा आहे' एवढे म्हणावे. उरलेले आत डॉक्टरांना सांगावे. जमल्यास पत्नीलाही बरोबर न्यावे. तिने मनाशी भलताच अर्थ लावून ठेवलेला असतो.