व्याकुळ मनाची शुश्रूषा

(शिरपूर येथे धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



ज्युबिली हा शब्द आपण उत्सवाच्या अर्थाने योजतो. परंतु जुन्या करारातील लेवीय ग्रंथात त्याचा मूळ अर्थ सुटका असा आहे. पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकले जावे, विकली गेलेली जमीन मूळ कुळास परत मिळावी आणि दारिद्र्यापायी दास झालेल्या मनुष्याने आपल्या घरी जावे, असा तो नियम होता. आजच्या मंगल प्रसंगी मी अशा एका बंदिवासाविषयी बोलणार आहे की, ज्याच्या बेड्या डोळ्यांस दिसत नाहीत. तो बंदिवास म्हणजे मनाची व्याकुळता. आणि तीतून मनुष्यास बाहेर आणण्याचे एक साधन म्हणजे शुश्रूषा.

आपला तालुका तापी आणि सातपुडा यांच्यामध्ये वसलेला आहे. खालच्या काळ्या जमिनीत कापूस होतो. तो पावसाच्या आणि बाजारभावाच्या लहरीवर अवलंबून असतो. वरच्या डोंगरपट्टीतील पावरा व भिल्ल कुटुंबांपैकी अनेकांस पोटासाठी गाव सोडून जावे लागते. कर्ज, स्थलांतर, व्यसन आणि वियोग ही दुःखे येथे कोणास सांगावी लागत नाहीत. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी वाघाडी येथील रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन दहांहून अधिक माणसे दगावली. अशा प्रसंगी भाजलेल्या अंगास मलमपट्टी मिळते. परंतु त्यानंतर महिनोन् महिने भांडे पडल्याच्या आवाजानेही दचकणाऱ्या मनाची विचारपूस कोणी करावी, हा प्रश्न उरतोच.

ह्या व्याधीची पहिली अडचण अशी की, ती आपल्या नावाने दवाखान्यात येत नाही. आपल्याकडील माणूस 'मी खिन्न आहे' असे म्हणत नाही. तो अहिराणीत म्हणतो, "मना जीव घाबरस." डोके जड आहे, छातीत धडधडते, झोप लागत नाही, अन्न गोड लागत नाही, अशी शरीराची गाऱ्हाणी तो सांगतो. शक्तीची सुई घेऊन तो घरी परततो आणि मूळ दुःख जागच्या जागी राहते. २०१५-१६ साली देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झाले. त्यात प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांस त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. आणि बहुतेक विकारांत शेकडा सत्तरांहून अधिक रुग्णांस उपचार मिळत नव्हते. आपल्या राज्यातील जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. खानदेशातून ती सारीच दूर. यास्तव पहिली शुश्रूषा गावातच व्हावयास हवी.

शुश्रूषा म्हणजे केवळ औषध देणे व अंथरूण बदलणे नव्हे, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ सालीच ओळखले होते. परिचर्येवरील आपल्या ग्रंथात त्यांनी एक संपूर्ण प्रकरण रुग्णास भेटावयास येणाऱ्यांच्या पोकळ दिलाशांवर आणि अनाहूत उपदेशांवर लिहिले आहे. अशा बोलण्याने रुग्णास धीर येत नाही. उलट आपले दुःख कोणी ऐकूनच घेत नाही, असे त्यास वाटू लागते. पुढे १९५२ साली अमेरिकेतील परिचारिका हिल्डेगार्ड पेप्लाउ यांनी ह्या विषयास शास्त्राचे रूप दिले. परिचारिका व रुग्ण यांच्यातील नाते हेच उपचाराचे साधन आहे, असा त्यांचा सिद्धांत. त्यांनी चिंतेच्या चार पायऱ्या सांगितल्या : सौम्य, मध्यम, तीव्र आणि भयाकुल. सौम्य चिंतेत मनुष्य अधिक सावध होतो. परंतु चिंता तीव्र झाली म्हणजे त्याचे लक्ष आखडते आणि लांबलचक बोध त्याच्या कानी पडूनही मनी उतरत नाही. अशा वेळी जवळ थांबावे, आवाज शांत ठेवावा, वाक्ये लहान असावीत. आपल्या ख्रिस्तसभेतील धर्मभगिनी सिस्टर कॅलिस्टा रॉय यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या विचारसरणीत मनुष्य बदलत्या परिस्थितीशी कसा जुळवून घेतो, ह्याचा विचार शरीर, आत्मभान, कर्तव्य आणि परस्परांचा आधार अशा चार अंगांनी केला आहे. ज्याची नोकरी गेली, त्याची केवळ मिळकत जात नाही. घरातील त्याचे स्थानही हलते. हे ध्यानी घेतल्यावाचून त्याचे सांत्वन होत नाही.

कोणी म्हणेल, ही परदेशातील विद्वानांची मते. आमच्या खेड्यात ती काय कामाची? ह्याचे उत्तर गोव्याने दिले आहे. तेथील 'संगाथ' ह्या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेला एक प्रयोग २०१७ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गंभीर उदासीनतेने ग्रासलेल्या रुग्णांस स्थानिक साध्या माणसांनी आधार दिला. ही माणसे वैद्यही नव्हती व मानसशास्त्राची पदवीधरही नव्हती; मात्र त्यांस नीट शिक्षण दिले होते व त्यांच्या कामावर देखरेख होती. सहा ते आठ भेटी घ्यावयाच्या, रुग्णाचे ऐकावयाचे आणि सुटून गेलेली नित्याची कामे त्याने एकेक करून पुन्हा हाती घ्यावीत, ह्यासाठी त्यास साहाय्य करावयाचे, इतकाच तो क्रम. तीन महिन्यांनी पाहता, ज्यांस हा आधार मिळाला त्यांच्यापैकी ६४ टक्के लोक उदासीनतेतून बाहेर आले होते. ज्यांस तो मिळाला नव्हता त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते.

दुसरे उदाहरण आपल्यासारख्याच कापसाच्या मुलखातील. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. गावातील कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन मनाच्या आजाराविषयी उघड बोलावयास आरंभ केला. उदासीनतेने पीडित असलेल्यांपैकी आधी अवघे ४.३ टक्के लोक उपचारासाठी जात. १८ महिन्यांनी ते प्रमाण २७.२ टक्के झाले. बोलण्याची लाज गेली, तेव्हा दवाखान्याची वाट मोकळी झाली.

ह्या संशोधनाने जे सिद्ध केले, त्याची खूण पवित्र शास्त्रात फार पूर्वीची आहे. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्यास दोष देत नाही, उपदेशही करीत नाही. तो त्यास झोपू देतो, भाकर व पाणी देतो. पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. संवाद होतो तो त्यानंतर, होरेब पर्वतावर. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोवर ते खरे मित्र होते. त्याच्या दुःखाचे कारण त्याच्याच पापात शोधू लागले, तेव्हा त्यांनी त्याचे दुःख वाढविले. आणि गेथशेमनी बागेत प्रभु येशूचा जीव व्याकुळ झाला, तेव्हा त्याने शिष्यांजवळ केवळ आपल्यासंगे जागे राहण्याची मागणी केली. स्वतः प्रभूने व्याकुळता भोगली असता, ती श्रद्धेच्या उणिवेची खूण आहे असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे?

परिचारिकांचे आश्रयदाते संत जॉन ऑफ गॉड ह्यांस ग्रानाडा येथे वेडा ठरवून कोंडण्यात आले होते व त्या काळच्या रीतीप्रमाणे चाबकाचे मारही बसले होते. तेथून सुटल्यावर त्यांनी सूड घेतला नाही. रुग्णांस मायेने वागविणारे रुग्णालय उभारले. बेड्यांचा अनुभव ज्याला आला, त्यानेच बेड्या सोडविण्याचे कार्य आरंभिले.

आता एका नाजूक गोष्टीविषयी. ज्या घरी कोणी आपला जीव दिला, त्या घरावर दुःखाबरोबर लाजेचाही डोंगर कोसळतो. १९१७ च्या धर्मविधिसंहितेत अशा व्यक्तीस ख्रिस्ती अंत्यविधी नाकारण्याचा नियम होता. १९८३ च्या संहितेत तो राहिला नाही. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात ख्रिस्तसभा सांगते की, तीव्र मानसिक यातनांमुळे व्यक्तीची जबाबदारी उणी होऊ शकते. तिच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये, तिच्यासाठी प्रार्थना करावी. देशाचा कायदाही ह्याच दिशेने गेला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने, जीव देण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे आणि सरकारने तिची शुश्रूषा व पुनर्वसन करावे, असे ठरविले आहे. कायद्याने जिला क्षमा केली, तिला आपण पारावरच्या कुजबुजीने शिक्षा देऊ नये.

मग आपण काय करावे? ज्याने मिस्सेस येणे सोडले, शेतास जाणे सोडले, त्याच्या घरी जावे आणि पुष्कळ ऐकावे. 'आम्ही नाही का सोसले' असे म्हणू नये. मरणाचे विचार येतात काय, हे सरळ विचारण्यास भिऊ नये; विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलण्यास वाट मिळते. उत्तर होकारार्थी आले, तर त्यास एकटे सोडू नये, कीटकनाशकाचे डबे हातापासून दूर ठेवावेत आणि त्यास वैद्याकडे न्यावे. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक घराघरांत लिहून ठेवावा. धर्मगुरूपुढील पापनिवेदन आत्म्यास शांती देते; परंतु ते औषधाची जागा घेत नाही, आणि औषध प्रार्थनेची जागा घेत नाही. मधुमेह्यास आपण 'श्रद्धा वाढव' म्हणून परत पाठवीत नाही. मग खिन्न मनाच्या भावास तरी का पाठवावे?

आपल्या मंदिराची घंटा उत्सवाच्या दिवशी साऱ्या गावास ऐकू जाते. परंतु भिंतीपलीकडच्या घरात रात्रभर जागणाऱ्या शेजाऱ्याचा उसासा ऐकू येण्यास निराळा कान लागतो. तो कान परमेश्वर आपणांस देवो, आणि ह्या ज्युबिलीच्या वर्षी एका तरी व्याकुळ जिवाची सुटका आपल्या हातून घडो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.